सोन्याच्या तारा आणि उसने कान

संगीत ऐकविणारी यंत्रे घरोघर झाल्यापासून त्यांच्याभोवती एक नवेच शास्त्र, किंबहुना शास्त्राचा वेष घेतलेले एक नवेच पुराण, वाढीस लागले आहे. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत वीज वाहून नेणारी जी साधी तार, ती ह्या पुराणाची देवता होय. ह्याची फलश्रुती अशी सांगतात की, जो कोणी बाजारातील सामान्य तांब्याची तार टाकून देऊन अमुक कंपनीची, अमुक धातूची, रेशमी वेष्टणात गुंडाळलेली तार श्रद्धेने विकत घेईल, त्याच्या दिवाणखान्यात गायकाचा श्वासोच्छ्वास ऐकू येऊ लागेल, तंबोऱ्याच्या चारही तारा निरनिराळ्या उभ्या राहतील, आणि दोन स्वरांमधली शांतताही अधिक गडद होईल! दक्षिणाही ह्या फळाला साजेशीच आहे. २००७ साली एका अमेरिकन कंपनीच्या १२ फूट लांबीच्या जोडीची किंमत ७,२५० डॉलर होती. आज आपल्याकडेही लाख लाख रुपयांच्या तारा विकत मिळतात. इतकेच नव्हे, तर त्या सोवळ्यातल्या तारांस जमिनीचा विटाळ होऊ नये म्हणून त्यांस उचलून धरणाऱ्या चिमुकल्या तिवयाही निराळ्या विकल्या जातात.

वाङ्मय व टीका ह्यांस वाहिलेल्या मासिकात तारांची चर्चा कशाला, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु हा वाद वरवर पाहता तारेचा असला, तरी मुळात तो प्रमाणाचा आहे. एखादी गोष्ट खरी केव्हा मानावी, रसिकता कशास म्हणावे, आणि जाणता म्हणविणाऱ्याचा शब्द कोठवर घ्यावा, हे प्रश्न जसे काव्यनाटकांस लागू आहेत तसेच ह्या तारेसही लागू आहेत. शिवाय ज्या घरांत मुलीच्या गाण्याच्या शिकवणीची फी देताना दहा वेळा विचार होतो, त्याच घरांतले कर्ते पुरुष दोन वाव तारेसाठी महिन्याचा पगार मोजण्यास सिद्ध होऊ लागले, तर तो प्रश्न केवळ छांदिष्टांचा राहत नाही. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो: ह्या महागड्या तारांस दिलेला पैसा फुकट जातो, आणि पैशाहून मोलाची अशी एक वस्तू त्याबरोबर जाते.

प्रथम तारेचे काम काय ते पाहू. ॲम्प्लिफायर विजेचा जो चढउतार निर्माण करतो तो स्पीकरपर्यंत जसाच्या तसा पोचविणे, एवढेच तिचे काम. तिने त्यात पदरची भर घालावयाची नाही, आणि होता होईल तो वाटेत काही खावयाचे नाही. तार जे खाते ते मुख्यतः तिच्या विरोधामुळे. आणि हा विरोध धातू, लांबी व जाडी ह्यांशी कसा बांधलेला आहे हे गेओर्ग ओहम ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ सालीच सांगून ठेवले आहे. आपल्या दिवाणखान्यात स्पीकर ५ मीटरांवर आहे असे धरू. विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर जाऊन येऊन १० मीटरांचा विरोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा विरोध सामान्यतः ८ ओहम धरतात. म्हणजे तार शंभरातला एक हिस्साही खात नाही. स्पीकरचा विरोध स्वरागणिक कमीअधिक होतो हे खरे. परंतु तो ४ ओहमपर्यंत उतरला, तरी तारेच्या विरोधामुळे पडणारा फरक एका डेसिबलच्या पंचमांशापलीकडे जात नाही. मैफलीत शेजारच्याने कूस बदलली, तरी ह्याहून अधिक फरक पडत असेल.

आता धातूंची थोरवी पाहा. चांदी तांब्याहून अधिक सुवाहक आहे खरी; पण ती शेकडा सहाच्या आसपास. तांब्याची तार तेवढ्याच मानाने जाड घेतली की चांदीचा सारा मान संपला. सोने तर ह्या बाबतीत तांब्याहूनही हिणकस आहे! त्याचा गुण एवढाच की ते गंजत नाही. म्हणून जोडाच्या टोकाला त्याचा पातळ मुलामा उपयोगी पडतो. वरच्या स्वरांची वीज तारेच्या पृष्ठभागाकडे सरकते, सबब साधी तार ते स्वर गिळते, हे विक्रेत्यांचे दुसरे आवडते अस्त्र. गोष्ट खरी आहे. परंतु तिचे माप कोणी सांगत नाही. सेकंदास २०,००० कंपने, म्हणजे मानवी श्रवणाची वरची सीमा, येथवर गेले तरी आमच्या वरील तारेच्या ०.०७ ओहमांत सुमारे पाव हिश्श्याची भर पडते, इतकेच. आणि तो स्वर ऐकणारे कान तरुणांचे असतात; लाखाची तार घेण्याइतका पैसा गाठी जमेपर्यंत ते कान बहुधा उरलेले नसतात. कोणी तारेतील विजेच्या वेगाची कथा सांगतो. ५ मीटर तार ओलांडण्यास विजेच्या लहरीस सेकंदाच्या एक कोटी भागांतील एखादा भागही लागत नाही. तेवढ्या अवधीत हवेतला ध्वनी केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. श्रोत्याने ‘वाहवा’ म्हणून मान हलविली की ह्या वेगाचा सारा हिशेब बुडाला!

येथे प्रतिपक्षास जे देणे न्याय्य आहे ते देऊन टाकतो. तार मुळीच महत्त्वाची नाही, असे आमचे म्हणणे नाही. फार बारीक तार फार लांब नेली तर आवाजात फरक पडतो आणि तो ऐकूही येतो. तबकडीवरील सुईपासून किंवा मायक्रोफोनपासून येणारी वीज इतकी क्षीण असते की, तिच्या तारेस चांगले कवच नसले तर घरातल्या विजेची घरघर तीत शिरते. सैल किंवा गंजलेला जोड तर उघडच वाईट. तात्पर्य, तार पुरेशी जाड, जोड घट्ट आणि जेथे हवे तेथे कवच, ह्या तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. आणि त्या तिन्ही काही शे रुपयांत साधतात. वाद आहे तो ह्यापुढच्या रुपयांविषयी. त्या पायरीनंतर लाख रुपये ओतले तरी ऐकू येईल असे काहीच हाती लागत नाही, एवढे आमचे म्हणणे आहे.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ‘शास्त्राला सर्व कळले आहे काय? तारेत असे काही सूक्ष्म गुण असतील, जे तुमच्या यंत्रांस मापता येत नाहीत.’ नम्रतेचा आव आणणारा हा आक्षेप वस्तुतः इतिहासाच्या अज्ञानातून निघालेला आहे. तारेचे शास्त्र हे ध्वनिमुद्रणाहूनही वयाने वडील आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याच्या १९ वर्षे आधी, १८५८ साली, आयर्लंडपासून न्यू फाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सुमारे १६ तास लागले, आणि थोड्याच आठवड्यांत ती तार मेली. लांब तारेत संदेश का रेंगाळतो ह्याचे गणित विल्यम थॉमसन ह्याने त्याही आधी, १८५५ च्या सुमारास, मांडले होते. ऑलिव्हर हेविसाइड ह्याने पुढे ते पूर्ण केले. त्या विद्येच्या बळावर १८६६ साली अटलांटिकची टिकाऊ तार पडली आणि १८७० साली आपली मुंबई समुद्रतळातून इंग्लंडशी जोडली गेली. ज्या विद्येने हजारो कोसांच्या तारांचे गुणदोष पै-पैच्या हिशेबाने सांगितले, ती दिवाणखान्यातल्या ५ मीटरांपुढे अकस्मात आंधळी झाली, हे कोणी मानावे? आणि मौज अशी की, जो गुण कोणत्याही यंत्रास सापडत नाही, तो कारखानदारास मात्र सापडतो, तारेत भरता येतो आणि त्याची किंमतही रुपया-आण्यांत ठरविता येते!

दुसरा आक्षेप ह्याहून प्रामाणिक आहे. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला? आम्ही आमच्या कानांनी फरक ऐकला.’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. त्याने फरक ऐकला हे खरेच. तो फरक तारेतून आला की त्याच्या मनातून, एवढाच प्रश्न आहे. आपल्या शास्त्रकारांनी प्रत्यक्षास प्रमाण मानले, पण त्याबरोबर भ्रमाचीही चर्चा केली. अंधारात दोरी पाहून सापाचे भय वाटले, तर भय खरे असते, साप खरा नसतो. येथे दोरीच्या जागी तार आहे एवढेच. नवी तार जोडून पुन्हा बसताना आपली जागा चार बोटे सरकते, आणि खोलीच्या भिंतींवरून परतणारा ध्वनी जागोजाग निराळा असल्यामुळे कानावर खरोखरच निराळे काही पडते. पहिल्या खेपेस जे निसटले ते दुसऱ्या खेपेस लक्ष देऊन ऐकले म्हणून सापडते. आणि सर्वांच्या वर, इतका पैसा दिल्यावर मन फरक न ऐकण्यास राजीच नसते.

शास्त्रज्ञसुद्धा ह्या भ्रमातून सुटत नाहीत. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील ब्लोंदलो ह्या प्रतिष्ठित प्राध्यापकाने ‘एन किरण’ नावाचे नवे किरण सापडल्याचे जाहीर केले. ते अंधाऱ्या खोलीत, अगदी अंधुक प्रकाशाच्या कमीजास्तपणावरून, डोळ्यांनी ओळखावयाचे असत. आणि पाहता पाहता कित्येक विद्वानांस ते दिसू लागले. १९०४ साली रॉबर्ट वुड हा अमेरिकन पदार्थविज्ञानी तो प्रयोग पाहावयास गेला. अंधाराचा फायदा घेऊन त्याने यंत्रातला मुख्य लोलकच हळूच काढून खिशात टाकला. प्रयोग करणारे पूर्वीप्रमाणेच किरणांची मोजमापे सांगत राहिले! वुडने ती हकीकत प्रसिद्ध केली आणि एन किरण जगातून नाहीसे झाले. ते लोक लबाड नव्हते. त्यांनी आपल्या डोळ्यांची परीक्षा डोळ्यांआड घेतली नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

तारांचीही अशी परीक्षा झालेली आहे. १९८३ साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ ह्या अमेरिकन मासिकाने कोणती तार लावली आहे हे कळू न देता श्रोत्यांस ऐकविले. जाड, महाग तार आणि दिव्याला लावतात ती सामान्य १६ गेजची तार, ह्यांतील भेद संगीत ऐकताना ओळखता आला नाही. २४ गेजची फारच बारीक तार मात्र दोहोंहून उणी ठरली. म्हणजे कानांनी गणिताचीच साक्ष दिली. पुढे २००७ साली, आरंभी सांगितलेली ७,२५० डॉलरांची तार चांगल्या सामान्य तारेहून निराळी ओळखून दाखविणारास दहा लक्ष डॉलर देऊ, असे जेम्स रँडी ह्याने जाहीर आव्हान दिले. एक प्रसिद्ध परीक्षक पुढे सरसावला. पण कंपनीने आपली तार देण्याचे नाकारले, उभयपक्षी दोषारोप झाले, आणि परीक्षा झालीच नाही. ज्याच्या हाती खरे नाणे आहे तो कसोटीच्या दगडास भीत नसतो.

‘अशा परीक्षेत मनावर ताण येतो, म्हणून सूक्ष्म फरक निसटतो,’ असे आता म्हटले जाते. ठीक आहे, ताण नको तर घरीच, फुरसतीने, वाटल्यास महिनाभर परीक्षा घ्यावी. घरातल्या कोणी नाणे उडवून छाप पडली तर महागडी आणि काटा पडला तर साधी अशी तार जोडावी, ती पडद्याआड ठेवावी, ऐकणाराने आपले उत्तर कागदावर लिहावे, आणि असे वीस वेळा करावे. निव्वळ अंदाजाने दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतील. पंधरा किंवा अधिक बरोबर येणे हे केवळ दैवाने पन्नासांत एखादेच वेळी घडते. ह्या प्रयोगास खर्च काही नाही, आणि शाळेतल्या मुलासही तो करता येईल. जो मनुष्य लाख रुपये देण्यापूर्वी एवढे करण्यास तयार नाही, त्याने आपल्या कानांची साक्ष काढू नये.

तिसरा आक्षेप आपल्याच संगीतातून काढला जातो, आणि म्हणून तो पुष्कळांस फसवितो. ‘तंबोऱ्याच्या जवारीत सुताचा एक धागा इकडचा तिकडे केला तर नाद बदलतो, मिरजेच्या कारागिरास पोलादाच्या व पितळेच्या तारेचा भेद कळतो, मग ह्या तारेनेच काय घोडे मारले?’ उत्तर सोपे आहे. तंबोऱ्याची तार स्वतः नादते. तिचा धातू, ताण आणि घोडीशी होणारा तिचा स्पर्श ह्यांतूनच नाद जन्मतो. स्पीकरची तार नादत नाही; ती निरोप्या आहे. निरोप्याने रेशमी अंगरखा घातला म्हणून निरोपातला मजकूर बदलत नाही, आणि बदलत असेल तर तो निरोप्या कामावरून काढण्याच्या लायकीचा आहे.

जेथे ध्वनी अंकांच्या रूपाने जातो तेथे तर ह्या पुराणाने लाजही सोडली आहे. २००८ साली एका नामांकित जपानी कंपनीने दीड मीटरांची अंकवाहक तार ४९९ डॉलरांस विकावयास काढली, आणि ती कोणत्या दिशेने जोडावी हे दाखविणाऱ्या खुणाही तीवर होत्या. अंक एक तर बरोबर पोचतात, नाही तर चुकतात. चुकले तर आवाज तुटतो किंवा कडकडतो. ‘एक’ हा आकडा सोन्यातून आला म्हणून अधिक मधुर ‘एक’ होत नाही. घरच्या भिंतीतून यंत्रास वीज देणाऱ्या दोरीचीही तीच कथा. कोयनेच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज ॲल्युमिनियमच्या उघड्या तारांवरून डोंगरदऱ्या ओलांडून, ऊनपाऊस सोसून आपल्या गल्लीतल्या खांबापर्यंत येते, तेथून भिंतीतल्या साध्या तांब्यातून फिरते. आणि शेवटच्या दीड मीटरात तिचे गंगास्नान होऊन ती पवित्र होते, असे ही दोरी विकणारे सांगतात. ह्याहून चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तरी बरा. त्या मसाल्याची निदान चव तरी लागते.

आता शेवटचा बालेकिल्ला: ‘हौसेला मोल नाही. आमचा पैसा, आमची हौस. तुमचे काय जाते?’ हौसेशी आमचे वैर नाही. कोणी म्हणाला की तार दिसावयास सुंदर आहे, हाताला जड लागते, बाळगण्यात भूषण वाटते, तर आमचा वाद मिटला. शालूच्या जरीला कोणी उपयोग विचारीत नाही. परंतु हे पुराण हौसेच्या नावाने सांगितले जात नाही, ज्ञानाच्या नावाने सांगितले जाते. हौसेला मोल नसेल. दाव्याला पुरावा लागतो.

आणि आमचे काय जाते म्हणाल, तर ते आम्ही आरंभी म्हटलेच आहे. ह्या व्यापाराचे खरे भांडवल तांबे किंवा चांदी नसून गिऱ्हाइकाची लाज हे आहे. ‘तुम्हांला फरक ऐकू येत नाही? मग तुमचे कान अजून तयार झाले नाहीत,’ हे एक वाक्य सुशिक्षित मनुष्यास निरुत्तर करते. आपण अरसिक ठरू ह्या भीतीने तो मान डोलावतो. आणि एकदा मान डोलावली की पुढच्या नवख्यास तेच वाक्य तो स्वतः ऐकवू लागतो. ज्या पत्रांत ह्या तारांची परीक्षणे येतात त्यांतच बहुधा त्यांच्या जाहिराती असतात. तेथील परीक्षक ‘मखमली’, ‘पारदर्शक’, ‘ओघवती’ अशी विशेषणे उधळतात आणि एकदाही डोळे बांधून परीक्षेस बसत नाहीत. अशा रीतीने वाचकाचे कान हळूहळू उसने होतात. काय सुंदर आहे हे त्यास दुकानदार सांगतो आणि तो ऐकतो. ज्याने तारेच्या बाबतीत आपल्या कानांचा हा अधिकार सोडला, तो गाण्याच्या, पुस्तकाच्या किंवा मताच्या बाबतीत तो राखील, ह्याचा भरवसा आम्हांस वाटत नाही.

गाण्याचा रस तारेत कधीच नव्हता. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तेथे विजेची तार नव्हतीच. भोंगा, पडदा आणि सुई एवढ्यावर काम झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या खरखरत वाजतात, आणि तरीही ऐकणाराच्या डोळ्यांत पाणी उभे करतात. उलट आज ज्या मुद्रणाची ‘शुद्धता’ राखण्यासाठी लाखाची तार घेतात, ते मुद्रण स्टुडिओत मायक्रोफोनपासून पुढे शेकडो फूट सामान्य धंदेवाईक तारांतून प्रवास करून आलेले असते. जे तेथेच निसटले ते घरची सोन्याची तार कोठून आणणार?

म्हणून ज्यास पैसा खर्च करावयाचाच आहे त्याने तो स्पीकरवर करावा, कारण तेथे फरक मोठा आहे आणि मोजताही येतो; खोलीत जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे आणावीत; आणि ह्या सर्वांआधी मुलांस गाणे शिकवावे, गावातल्या मैफलीचे तिकीट काढावे. नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकासच इजा होते. जे विकणारे आहेत त्यांच्याकडे आमची मागणी एकच आहे, आणि ती मागण्याचा प्रत्येक गिऱ्हाइकास हक्क आहे: तार पडद्यामागे ठेवा, नाणे उडवा, आणि मग सांगा. ते ह्यास तयार होईपर्यंत आमच्या वाचकांनी दोन गोष्टी घट्ट मिटून ठेवाव्यात, पाकीट आणि लाजेने डोलू पाहणारी मान. कान मात्र उघडे असावेत, आणि ते स्वतःचे असावेत.